ठाण्याच्या उकाड्यात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

गेल्या मे महिन्यात भर दुपारी नेरूळहून भाच्याचा फोन आला. "मावशी, पाणी बत्तीस दाखवतंय आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. हीटर बिघडला असेल का?" हीटर ठणठणीत होता, आणि बंदच होता. भाच्याने परदेशी व्हिडिओ बघून खरेदीची यादी केली होती. त्यात हीटर पहिल्या पाच वस्तूंत होता आणि पंखा कुठेच नव्हता. यादी करणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या घरात बाहेर बर्फ पडतो एवढंच. त्या दिवशी फोनवरच त्याच्याकडून टेबलफॅन टाकीकडे वळवून घेतला आणि झाकण काढायला लावलं. रात्री आठपर्यंत पाणी २९ वर आलं, मासे वाचले.

मी घोडबंदर रोडला राहते आणि ८ वर्षं ८० लिटरची मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याची, टाकी सांभाळते आहे. भाच्याला त्यानंतर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहिते. क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे: जागा, पाणी, गारवा, वीज, मग खडक आणि वाळू, आणि मासे सगळ्यांत शेवटी. पैसेही याच क्रमाने खर्च करा. बहुतेक जण आधी मासे बघून येतात आणि उरलेल्या पैशात बाकीचं बसवतात. टाक्या बंद पडतात त्या तिथेच.

टाकी केवढी, ठेवायची कुठे

छोटी टाकी म्हणजे सोपी टाकी, हा समज पहिल्यांदा सोडा. २० लिटरच्या टाकीतून १ लिटर पाणी उडून गेलं, तर खारटपणा पाच टक्क्यांनी चढतो. तेच १ लिटर ८० लिटरच्या टाकीतून गेलं, तर सव्वा टक्का. पाणी जितकं जास्त, तितका तुमच्या चुकांना वेळ मिळतो. नवीन माणसाने २ फूट लांबीच्या खाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. माझी टाकी २४ इंच लांब, १६ इंच रुंद आणि १६ इंच उंच आहे. इंचांतल्या तिन्ही मापांचा गुणाकार करून ६१ ने भागलं की लिटर मिळतात. इथे साधारण १०० येतात. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी ८० लिटरच्या आसपास. काच ८ मिलिमीटरची घ्या.

पाणी, काच, खडक, वाळू मिळून ही टाकी १२० किलोच्या घरात जाते. फ्लॅटच्या स्लॅबला एवढं वजन काहीच नाही, पण टीव्ही युनिटला नक्कीच आहे. साध्या एमडीएफचं स्टँड मीठपाण्याने वर्षभरात फुगतं, लोखंडी स्टँडला गंज चढतो. सुताराकडून मरीन प्लायचं स्टँड करून घ्या, सगळ्या कडांना सनमायका किंवा रंग लावून घ्या, आणि स्पिरिट लेव्हलने समपातळी बघितल्याशिवाय टाकी वर ठेवू नका. टाकीखाली पातळ फोमची शीट हवी.

जागा अशी निवडा की पश्चिमेचं ऊन पडणार नाही, एसीचा झोत थेट लागणार नाही, आणि बाथरूम दहा पावलांवर असेल. दर आठवड्याला बादल्या तुम्हालाच उचलायच्या आहेत. स्वयंपाकघराच्या दाराशी नको, फोडणीचा तेलकट धूर पाण्यावर साय धरतो. देवघराशेजारी नको, धुपाचं कारण तेच.

पाणी: सगळ्यांत महत्त्वाची खरेदी

समुद्र एवढा जवळ असताना पाणी विकत का बनवायचं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ठाणे खाडी पक्ष्यांसाठी मोलाची आहे. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. पण खाडीच्या पाण्यात नदीनाल्यांचं गोडं पाणी आणि सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात खारटपणा कोसळतो. मरीन ड्राइव्ह किंवा उरणच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणलं तरी काठाच्या पाण्यात काय मिसळलंय ते घरी कळायला मार्ग नाही. म्हणून शुद्ध गोडं पाणी घ्यायचं आणि त्यात मरीन सॉल्ट विरघळवायचं, हा एकच खात्रीचा रस्ता. स्वयंपाकाचं मीठ, खडेमीठ, सैंधव यातलं काहीही चालत नाही. समुद्रात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात असतात आणि माशांना, जिवाणूंना ते सगळं लागतं.

गोड्या पाण्याची शुद्धता टीडीएस मीटरने, म्हणजे त्यात किती क्षार विरघळलेत यावरून, मोजतात. आपल्याला आकडा शून्य हवा. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला भातसा आणि उल्हासचं. धरणाचं, नदीचं पाणी तसं हलकं असतं, पण शून्य नसतं आणि त्यात क्लोरीन असतंच. सोसायटीत टँकर आला की तर आकडा कुठच्या कुठे जातो, कारण टँकरमध्ये बहुधा बोअरचं पाणी असतं.

इथे माझी पहिली मोठी चूक झाली. घरात आरओ प्युरिफायर आहे म्हणजे आरओचं पाणी आहे, असं धरून मी पहिले सात महिने तेच वापरलं. टाकीत हिरव्या केसांसारखं शेवाळ इतकं माजलं की खडक दिसेनासा झाला. शेवटी मीटर आणून मोजलं, तर आकडा ४८. पिण्याच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो आरओ झालेल्या पाण्यात थोडं बिनआरओचं पाणी परत मिसळतो. काहींत खनिजांची कार्ट्रिजही असते. पिण्यासाठी ते उत्तम, टाकीसाठी नको. पाण्यातले फॉस्फेट, नायट्रेट आणि सिलिकेट म्हणजे शेवाळाचं खत.

उपाय साधा आहे. आरओ मेंब्रेनमधून निघालेलं पाणी, कंट्रोलरच्या आधी, डीआय रेझिनच्या (उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) नळकांड्यातून न्यायचं. रंग बदलणारं रेझिन घ्या, म्हणजे ते संपत आलं की डोळ्याला दिसतं. हे जमणार नसेल तर मरीन मासे विकणाऱ्या दुकानातून तयार आरओ-डीआय पाणी कॅनमध्ये मिळतं का बघा, आणि घरी आणल्यावर मीटर लावूनच वापरा. आरओचं फेकून दिलं जाणारं पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरता येतं.

मीठ कालवताना

खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारी २० लिटरची पांढरी बादली, एक छोटा पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालणारा पंप) आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढं पुरतं. आधी पाणी, मग त्यात हळूहळू मीठ. उलट करू नका. थोड्या पाण्यात सगळं मीठ टाकलं की कॅल्शियम कार्बोनेट खाली पांढरं बसतं आणि परत विरघळत नाही. दर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, डब्यावरचा आकडा बघा. पहिल्यांदा टाकी भरायला म्हणजे जवळजवळ ३ किलो. पॉवरहेड रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी मोजा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, त्याच्या काचेवर थेंब टाकून डोळ्याला लावलं की खारटपणाचा आकडा दिसतो. प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण एखादा बुडबुडा काट्याला चिकटला तरी आकडा फसवा येतो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, म्हणजे दर हजारी ३५ च्या आसपास, हे लक्ष्य. रिफ्रॅक्टोमीटर दर महिन्याला ३५ च्या प्रमाण द्रावणाने तपासून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवलं तरी ३५ ला चूक राहू शकते.

आणि एक गोष्ट कागदावर लिहून स्टँडच्या दाराच्या आत चिकटवा: पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज कमी होणारं पाणी भरून काढताना फक्त आरओ-डीआयचं गोडं पाणी घालायचं. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

गारवा

आता मुद्द्याचं. बहुतेक मरीन मासे २५-२६ अंशांवर खूश असतात, २८ सहज सोसतात. एप्रिल-मेमध्ये ठाण्यातला बंद हॉल दुपारी ३४ पर्यंत जातो, त्यात दिवा, फिल्टर, वेव्हमेकर (पाणी सतत हलतं ठेवणारा पंप) प्रत्येक जण थोडी उष्णता पाण्यात सोडतो. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी प्राणवायू मावतो. पाणी तापलं की तो आणखी घटतो, आणि नेमकं त्याच वेळी माशांचं शरीर जास्त प्राणवायू मागतं. भाच्याचे मासे वर येऊन तोंड उघडत होते ते यामुळे.

पहिला उपाय पंखा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा लागेल असा क्लिपवाला छोटा पंखा आणि काचेच्या झाकणाऐवजी जाळी. बाष्पीभवनाने पाणी २-३ अंश उतरतं. माठातलं पाणी गार होतं तो हाच प्रकार, आणि माठाची मर्यादा पंख्यालाही लागू आहे: हवा दमट झाली की गारवा कमी. सगळ्यांत वाईट दिवस मेच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात येतात. ऊन उतरलेलं नसतं, हवा मात्र ओली झालेली असते. ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा तसेच चार-आठ दिवस. पंखा चालू असताना मेमध्ये माझ्या टाकीतून रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं. एवढं हाताने भरणं विसरायला होतं, म्हणून फ्लोट असलेला ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की बादलीतून आपोआप पाणी भरणारा) बसवा. तो खर्च उधळपट्टी नाही.

दुसरा उपाय चिलर. १/१० एचपीचा चिलर या आकाराच्या टाकीला पुरतो. त्याची किंमत बऱ्याचदा टाकी आणि स्टँडच्या एकत्र किमतीहूनही जास्त असते, आणि तो पाण्यातली उष्णता काढून खोलीतच सोडतो, त्यामुळे कपाटात कोंडू नका. तिसरा, टाकी ज्या खोलीत आहे तिथे एसी दुपारीही २६-२७ वर चालणार असेल तर वेगळं काही लागत नाही. पण एसी फक्त रात्री चालत असेल तर सावध राहा. रात्री २४, दुपारी ३१ असा रोजचा झोका माशांना स्थिर २९ पेक्षा जास्त त्रासदायक असतो. हीटर उपयोगी पडतो तो इथे. १०० वॅटचा छोटा हीटर २५ वर लावून ठेवा, म्हणजे एसीच्या खोलीत किंवा जानेवारीच्या एखाद्या थंड पहाटे पाणी त्याच्या खाली जाणार नाही.

माझा सल्ला असा: पंख्यावर पहिला उन्हाळा मासे न घालता काढून बघा. मार्चमध्ये टाकी भरली तर मेपर्यंत सायकलही (टाकीत उपयोगी जिवाणू वसणं, ते पुढे सांगते) होते आणि तुमच्या घराचा खरा आकडाही कळतो. पाणी २९ च्या वर जात नसेल तर चिलरचे पैसे वाचले.

वीज

दुसरी चूक इथली, आणि ती अजून जिव्हारी लागते. एका शनिवारी देखभालीसाठी वीज जाणार होती, तशी सूचना लिफ्टमध्ये लावलेली होती. मी दोन दिवस ती बघत होते आणि माझ्या डोक्यात ती टाकीशी जोडलीच गेली नाही. आम्ही दिवसभर डोंबिवलीला सासरी गेलो होतो. परत आलो तेव्हा क्लाउनफिश माशांची जोडी आणि श्रिंप (शोभेची कोळंबी), तिन्ही गेलेले. पाणी हललं नाही तर प्राणवायू काही तासांत संपतो. सेलवर चालणारा एअरपंप काही फार महाग नसतो. तो आणि एक एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा खडा) कायम टाकीजवळ ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर एकटा वेव्हमेकर त्यावर जोडून घ्या, तो वीज फार खात नाही. चिलर किंवा हीटर इन्व्हर्टरवर लावू नका.

प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं खारं पाणी बोर्डात न शिरता खाली ठिबकेल. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी तो बसवा, मग टाकीत पाणी घाला. पाण्यात हात घालायचा तर आधी बटणं बंद.

खडक आणि वाळू, आणि कायदा

खडक ही शोभा नाही. त्याच्या सच्छिद्र पोटात जे जिवाणू राहतात तेच टाकीचा खरा फिल्टर असतात. ८० लिटरला ७-८ किलो कोरडा, सच्छिद्र, मरीन टाकीसाठी तयार केलेला खडक पुरतो. तो आधी थेट काचेवर रचा, मग वाळू घाला. वाळूवर रचलेला खडक, खाली बिळ करणारा एखादा गोबी मासा आला की ढासळतो. वाळू अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), दीड-दोन इंचांचा थर. किनाऱ्याची वाळू नको. पाणी भरलं की टाकी दोन दिवस दुधाळ दिसेल, घाबरू नका.

किनाऱ्यावरून किंवा कुणा "ओळखीच्या" माणसाकडून प्रवाळाचा तुकडा आणू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. ज्या अनुसूचीत वाघ आहे, तीच ही. सगळे समुद्रघोडे आणि सगळ्या समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. दुकानात समुद्रघोडा दाखवला तरी घ्यायचा नाही. मुंबईचा समुद्र गढूळ म्हणून तिथे प्रवाळ नसतील असं वाटतं, पण कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले आणि २०२० मध्ये ते उचलून दुसरीकडे लावावे लागले. आपल्या दारातले हे जीव मला टाकीपेक्षा जास्त प्रिय आहेत. टाकी त्यांच्या जिवावर उभी राहू नये.

पहिलं वर्ष प्रवाळाशिवायच काढा. पुढे कधी झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले मऊ, बटणासारखे जीव) घेतलेच, तर त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत तीव्र विष असतं हे लक्षात ठेवा. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांना कापू, घासू नका. जुन्या टाकीतला खडक "स्वच्छ करायला" उकळत्या पाण्यात तर कधीच घालू नका. त्या वाफेने माणसं रुग्णालयात पोहोचल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

उपकरणांचं थोडक्यात. मागे टांगायचा फिल्टर, त्यात फिल्टर फ्लॉस आणि थोडा कार्बन. तासाला १,२०० ते १,५०० लिटर पाणी फिरवणारा एक वेव्हमेकर, पृष्ठभाग सतत हलता ठेवेल असा. एवढ्या टाकीला स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नसला तरी चालतं, बादलीने पाणी बदलायचा कंटाळा नसेल तर. दिवा साधा एलईडी, रोज ७-८ तास, टायमरवर.

सायकल: सहा आठवडे रिकामी टाकी

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया बनतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी सोसवणारं. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि तेवढ्या पीएचला अमोनिया ७ पीएचपेक्षा दहापटीहून जास्त घातक ठरतो. गोड्या पाण्यात गप्पी पाळून "काही होत नाही" असा अनुभव असलेली माणसं इथे फसतात.

पहिल्या दिवशी पाणी १.०२५ आणि २६-२८ अंशांवर असल्याची खात्री करा. अमोनियम क्लोराइडचं अ‍ॅक्वेरियमसाठीचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत २ भाग) आणा. फरशी पुसायचा अमोनिया नको, त्यात सुगंध आणि साबण असतो. कच्ची कोळंबी टाकून कुजवायची जुनी पद्धत चालते, पण वन बीएचकेमध्ये तो वास तीन आठवडे कोण सहन करणार. बाटलीतले जिवाणू मिळतात, मुदत बघून आणि थंड जागी ठेवलेली बाटली घ्या. उन्हाळाभर तापलेल्या फळीवरच्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल याची खात्री नसते. कुणाच्या चालू, निरोगी टाकीतली मूठभर वाळू मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही. दिवा या काळात बंदच.

दर दोन दिवसांनी थेंबांच्या किटने मोजून वहीत लिहा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट बरेच दिवस अडून बसल्यासारखं वाटेल. मला पहिल्या वेळी चौथ्या आठवड्यात वाटलं होतं की काहीतरी बिघडलंय. काही करू नका. अमोनिया संपला तर पुन्हा २ पीपीएमपर्यंत घाला, पण त्याच्या वर नको. एक दिवस नायट्राइट अचानक कोसळतं. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवतील, तेव्हा सायकल झाली. साधारण चार ते सहा आठवडे. मग निम्मं पाणी बदला आणि दिवा सुरू करा.

दिवा लागला की आठ-दहा दिवसांत वाळूवर तपकिरी थर येईल. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. प्रत्येक नव्या टाकीत येतो आणि सिलिकेट संपलं की जातो. शेवाळ मारायचं औषध घालू नका. याच टप्प्यावर चार-पाच टर्बो किंवा सेरिथ गोगलगाई आणि दोन-तीन छोटे हर्मिट खेकडे आणा. त्यांना रिकामे मोठे शंख ठेवा, नाहीतर ते शंखासाठी गोगलगाय मारतात.

आता मासे

पहिली जोडी क्लाउनफिशची, दुकानात ज्याला सगळे निमो म्हणतात. काटक, टाकीत जन्मलेले मिळतात, ८-९ सेंटिमीटरपलीकडे फारसे वाढत नाहीत, आणि त्यांना समुद्रफुलाची (सी अ‍ॅनिमोनची) गरज नसते. सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीतला मोठा, दादागिरी करणारा मासा पुढे मादी होतो. म्हणून एक मोठा आणि एक स्पष्ट लहान असे घ्या, सारख्या मापाचे दोन भांडत राहतात.

टाकीत जन्मलेलेच मागा. समुद्रातून पकडलेले मासे बुजलेले, परजीवी घेऊन आलेले असतात, आणि जगात काही ठिकाणी अजून सायनाइड फवारून मासे पकडतात. तसे मासे आठवड्या-दोन आठवड्यांत कारण न कळता मरतात. क्लाउनफिशची पैदास आपल्या शेजारीच होते. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानसोबत राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने क्लाउनफिशचं बीजोत्पादन केंद्र उभं केलं आहे. फ्लेमिंगो बघायला मुलांना घेऊन जालच, तेव्हा तेही बघून या.

जोडी महिनाभर नीट राहिली की एक वॉचमन गोबी किंवा एक फायरफिश. फायरफिश उडी मारतो, जाळी नसेल तर सकाळी फरशीवर सापडेल. एक क्लीनर श्रिंप. ८० लिटरला तीन मासे, फार तर चार, आणि तिथेच थांबा.

ब्लू टँग, म्हणजे "डोरी", घेऊ नका, तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मँडरीन फार सुंदर असतो, पण कोपेपॉड नावाचे जिवंत बारीक जीव खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. डॉमिनो आणि तीन पट्ट्यांचे डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून दुकानदार आग्रह करतात. मोठे झाले की ते बाकी सगळ्यांना जगू देत नाहीत. समुद्रफूल एक वर्षाच्या आत नको.

खरेदीला क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला जुने प्रसिद्ध, ठाण्यात-वाशीतही मरीन ठेवणारी मोजकी दुकानं आहेत. कुठेही गेलात तरी "खायला घालून दाखवा" म्हणा. जो खात नाही तो घ्यायचा नाही. पाण्याचं विशिष्ट गुरुत्वही विचारा, बऱ्याच दुकानांत ते मुद्दाम १.०२० च्या आसपास ठेवतात. थर्मोकोलचा छोटा डबा बरोबर न्या आणि संध्याकाळच्या गर्दीआधी ठाण्याची गाडी पकडा.

घरी आणलेला मासा थेट टाकीत सोडायचा नाही. ४० लिटरचा प्लॅस्टिकचा क्रेट, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, वर जाळी, हा चार आठवड्यांचा मुक्काम. क्रेटचं पाणी पिशवीतल्या खारटपणाशी जुळवून ठेवा आणि पुढच्या चार-पाच दिवसांत हळूहळू १.०२५ वर न्या. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग मासा छोट्या मगने उचलून घ्या, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. अंगावर साखरेच्या दाण्यासारखे ठिपके म्हणजे मरीन इक हा परजीवीचा रोग. धुळीसारखा बारीक थर आणि धापा म्हणजे वेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग, त्यात एक दिवसही थांबायला वेळ नसतो. तांब्याचं औषध फक्त क्रेटमध्ये, तांब्याच्या किटने मोजून. मुख्य टाकीत तांबं गेलं की गोगलगाई, श्रिंप सगळे मरतात. मुख्य टाकीत इक शिरलाच, तर सगळे मासे काढून ती अडीच महिने माशांविना चालवावी लागते. चार आठवड्यांचा क्रेट त्यापुढे स्वस्त आहे.

घरातली विषं

याबद्दल परदेशी पुस्तकांत मला फारसं सापडलं नाही, म्हणून नीट सांगते. डास, झुरळं मारायच्या फवाऱ्यांत आणि मॅटमध्ये पायरेथ्रॉइड असतात. माणसाला ते फारसं करत नाहीत, पण मासे आणि विशेषतः श्रिंप अगदी थोड्या मात्रेने मरतात. टाकीच्या खोलीत कॉइल, मॅट, स्प्रे बंद. खिडकीला जाळी लावा. महापालिकेचा धुराचा फवारा खाली आला की खिडक्या लावा, एअरपंप बंद करा, टाकीवर ओला पंचा टाका, आणि धूर विरेपर्यंत फक्त वेव्हमेकर चालू ठेवा. पेस्ट कंट्रोलवाल्यांना त्या खोलीत फक्त जेल लावायला सांगा. घरकामाच्या मावशींना काच पुसायचा स्प्रे टाकीवर वापरू नका म्हणून स्वतः दाखवून सांगा. ओलं फडकं पुरतं. तुमच्या हातावरचा साबण, सॅनिटायझर, तेलही पाण्यात जायला नको.

रोजचं आणि आठवड्याचं

रोज सकाळी तापमान बघा, मासे मोजा, टॉप-अपची बादली भरा. खाद्य दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोठवलेलं मायसिस आणि आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) आधी वाटीत वितळवा, गाळून घ्या. फ्लॉस दर तीन दिवसांनी बदला. रविवारी ८ लिटर पाणी काढा, शनिवारी रात्री कालवलेलं ८ लिटर घाला. मीठ फक्त ३०० ग्रॅम लागतं, वेळ वीस मिनिटं. महिन्यातून दोनदा नायट्रेट आणि अल्कॅलिनिटी (पीएच स्थिर धरणारी पाण्याची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) मोजा. अल्कॅलिनिटी ८-९ डीकेएचच्या आसपास असली आणि पाणी वेळेवर बदलत असाल, तर कॅल्शियमसाठी वेगळं काही घालायची पहिल्या वर्षी गरज पडत नाही.

गणपतीत गावी जायचं असेल तर निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, निघायच्या दिवशी नको, म्हणजे काही चुकलंच तर तुम्ही घरात असता. टॉप-अपची बादली काठोकाठ भरा आणि एअरपंपचे सेल नवे घाला. शेजारच्या काकूंना खाद्याचा डबा देऊ नका. प्रेमाने त्या मूठभर टाकतात आणि पाच दिवसांत पाणी दुधाळ होतं. कोरड्या खाद्याच्या चिमूटभर पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा, एक दिवस सोडून एक. पुड्यांच्या शेजारी एअरपंप ठेवा आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा: लाइट गेली तर हे बटण दाबा.